छोटी अनुदानं बंद करू नका: एका सांस्कृतिक न्यासाच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळ

स. न. वि. वि.

आपल्या न्यासाने घेतलेले दोन निर्णय अर्जदारांना कळवण्यात आले आहेत. पहिला, दोन लाख रुपयांखालची अनुदानं यापुढे बंद. तो निधी वर्षातून एकदा दक्षिण मुंबईत भरणाऱ्या तीन दिवसांच्या महोत्सवाकडे वळवला जाणार. दुसरा, अनुदान आणि सार्वजनिक उपक्रम यांचं प्रमुखपद भरलं जाणार नाही. अर्ज ऑनलाइन फॉर्मवर येतील, गुण देऊन यादी लावली जाईल आणि कार्यक्रमांचं काम एका इव्हेंट कंपनीकडे सोपवलं जाईल.

हे दोन्ही निर्णय मागे घ्यावेत, एवढं मागण्यासाठी हे पत्र आहे. ते बंद लिफाफ्यात न पाठवता चारचौघांत लिहितो आहोत, कारण न्यासाचा पैसा खाजगी नाही. न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे, करसवलत घेतो, आणि त्याच्या घटनेत भाषा, इतिहास आणि साहित्य यांचा प्रसार हा उद्देश लिहिलेला आहे. तो उद्देश कसा पार पडतो हे विचारण्याचा हक्क या शहरातल्या कुणालाही आहे.

आम्ही म्हणजे वाचनालयं चालवणारे, मुलाखती ध्वनिमुद्रित करणारे, मोडी शिकवणारे, महाविद्यालयांत इतिहास आणि मराठी शिकवणारे. आमच्यातल्या काहींची कामं आपल्या छोट्या अनुदानावर झाली, काहींचे अर्ज नाकारले गेले, काहींनी परीक्षक म्हणून आपल्याकडचे अर्ज वाचले. आमचा हितसंबंध आहे, तो आधीच सांगून ठेवतो.

आधी घाई कशाची आहे ते सांगू. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. त्या दिवशी जो कामगार पंचविशीत होता तो आज सत्तरीच्या आसपास आहे. जो चाळिशीत होता त्याने ऐंशी ओलांडली. त्रासन म्हणजे सूतकताईचं खातं कसं चालायचं, बदली कामगाराला दारात किती वाट पाहावी लागायची, गावकऱ्यांच्या गाळ्यात झोपायच्या पाळ्या कशा लागायच्या, खाणावळ चालवणारी बाई महिन्याचा हिशेब कसा ठेवायची, हे सांगू शकणारी माणसं दर वर्षी कमी होत आहेत. बीडीडी चाळींचंही तसंच. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून या चाळींच्या मूळ २०७ इमारती, खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासासाठी खोली रिकामी करताना भांडी आणि कपाट नव्या घरात जातं. मंडळाची इतिवृत्तं, गणेशोत्सवाचे जमाखर्च, भाडेपावत्या, हौशी नाटकाची हस्तलिखित प्रत रद्दीत जाते. हे कागद वाचवायला पंधरा लाखांचं अनुदान लागत नाही. योग्य आठवड्यात साठ हजार लागतात.

आता छोटं अनुदान म्हणजे नेमकं काय, ते एका नमुन्याच्या अर्जावरून दाखवतो. गिरणगावातल्या वीस जणांच्या मुलाखती. सरासरी दीड तास धरला तर तीस तासांचं ध्वनिमुद्रण. रेकॉर्डर आणि दोन कॉलर माइक १८ हजार. दोन हार्ड डिस्क १२ हजार. मुलाखत घेणाऱ्याला प्रत्येकी २ हजार, म्हणजे ४० हजार. बोलणाऱ्याला प्रत्येकी १ हजार, म्हणजे २० हजार. त्याचा अर्धा दिवस आपण घेतो आणि तो फुकट घेऊ नये. प्रवास १० हजार. विषयवार सूची करायला १२ हजार. हिशेबनीस साडेसहा हजार. उरलं मुलाखत कागदावर उतरवणं. एका तासाचं बोलणं नीट उतरवायला सहा ते आठ तास लागतात, कारण त्यात मालवणी येते, सातारी येते, मधूनच दोघं एकदम बोलतात, पंखा असतो, शेजारचा टीव्ही असतो. तीस तासांचे साधारण २१० तास झाले. रोज आठ तास बसलं तरी सव्वीस दिवस. ताशी १५० रुपयांनी ३१,५००. सगळ्याची बेरीज दीड लाख.

येणाऱ्या बहुतेक अर्जांत हा शेवटचा रकाना चुकलेला असतो. तिथे पाच हजार लिहिलेले असतात, कारण अर्जदाराने हे काम आधी केलेलं नसतं किंवा रक्कम मोठी दिसेल या भीतीने कमी लिहिलेली असते. गुण देणारी यादी असा अर्ज ‘किफायतशीर’ म्हणून वर चढवेल. पैसे मिळतील, मुलाखती होतील आणि तीस तासांचा आवाज कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये पडून राहील. तीस तास कुणी ऐकत नाही. कागदावर उतरवलेलं आणि सूची केलेलं असेल तरच एखादी विद्यार्थिनी ‘खाणावळ’ शोधून अकराव्या मुलाखतीच्या बेचाळिसाव्या मिनिटाला पोचते.

प्रमुखाचं काम इथे आहे. तो किंवा ती अर्जदाराला फोन करते आणि सांगते: वीसऐवजी चौदा मुलाखती घ्या, पण उतरवण्याचे पैसे पूर्ण धरा. चाळीत मुलाखत घेताना पाण्याची वेळ टाळा. मोबाइलवर नका करू, आणि केलीत तर फाइल व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका, आवाज दाबला जातो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचं वेव्ह, म्हणजे आवाज न दाबणारी फाइल, ठेवा. एका माइकचा तासाभराचा आवाज साधारण अर्धा जीबी होतो, तीस तासांचे सोळा जीबीसुद्धा होत नाहीत. एवढं एका पेन ड्राइव्हवर मावतं आणि नेमकं म्हणूनच हरवतं. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक मुंबईबाहेर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तळमजल्यावरच्या कपाटात एकुलती एक प्रत ठेवण्याचा धोका या शहरात वेगळा समजावून सांगावा लागू नये.

संमतीपत्राचंही तेच. इंग्रजीतला एक छापील कागद शेवटी पुढे करून सही घेणं म्हणजे संमती नव्हे. गिरणगावातली मुलाखत घरावर येते, भाडेकरूवर येते, भावाभावांतल्या खोलीच्या वाटणीवर येते, म्हाडाच्या घराच्या अर्जावर येते. बोलणाऱ्याला ते बोलताना कळत नाही. मजकूर वाचून दाखवला की कळतं. म्हणून सही दोनदा हवी: एकदा ध्वनिमुद्रणाआधी, एकदा उतरवलेला मजकूर वाचून दाखवल्यावर. कागद मराठीत हवा, आणि त्यात तीन वेगळ्या चौकटी हव्यात: फक्त जपून ठेवा, अभ्यासकांना दाखवा, सर्वांसाठी खुलं करा. नाव बदलायचा पर्याय हवा. नंतर विचार बदलला तर कुणाला फोन करायचा तो नंबर हवा. हे फॉर्मवर ‘संमती घेतली आहे का? हो/नाही’ असं विचारून होत नाही. कुणीतरी तो कागद वाचून परत पाठवावा लागतो.

आमची पुढची तक्रार कॅलेंडरची आहे, आणि ती जुनी आहे. न्यास अर्ज डिसेंबरात मागवतो, निकाल मार्चमध्ये लावतो, पहिला हप्ता जूनच्या मागेपुढे मिळतो. मग पाऊस. पत्र्यावर आणि ताडपत्रीवर पाऊस वाजत असताना चाळीत ध्वनिमुद्रण होत नाही. ओलाव्यात जुनी कागदपत्रं उघडायचीही नसतात; चिकटलेली पानं सुटत नाहीत, फाटतात, आणि बुरशी एका फाइलवरून दुसरीवर जाते. त्यानंतर गणपती, नवरात्र, दिवाळी. काम खरं सुरू होतं नोव्हेंबरात आणि ३१ मार्चला आपण विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, मागता. वर्षभराच्या कामाला हातात चार महिने येतात, म्हणून अहवालात घाईने भरलेली पानं दिसतात.

हे उलटं करा. अर्ज जूनमध्ये मागवा, जुलैअखेर घ्या. पावसात लोक घरी बसून लिहितात. ऑगस्टमध्ये फोन आणि भेटी, सप्टेंबरात निर्णय, ऑक्टोबरात निम्म्याहून जास्त रक्कम आगाऊ. क्षेत्रातलं काम दिवाळीनंतर ते मेपर्यंत, उतरवणं आणि सूची पुढच्या पावसात. ३१ मार्चला शिल्लक राहिलेली रक्कम परत मागू नका. घेणाऱ्या संस्थेच्या ताळेबंदात ती ठरावीक कामासाठी राखून ठेवलेला निधी म्हणून दाखवता येते. आणि शेवटचा हप्ता दहा टक्क्यांहून जास्त अडकवून ठेवू नका. आज पंचवीस टक्के अहवालानंतर मिळतात. दीड लाखात ते साडेसदतीस हजार होतात, आणि ते कुणी तरी स्वतःच्या खिशातून आधी घालतं. ज्याच्या खिशात नाहीत तो अर्जच करत नाही.

कराची एक अडचण विश्वस्तांकडून पुढे केली जाते. ती खोटी नाही, म्हणून तिच्यावर नीट बोलू. करमुक्त न्यासाला वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के आपल्या उद्देशांवर खर्च करावे लागतात. २०२३ च्या वित्त कायद्याने अशी तरतूद आणली की दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला दिलेल्या रकमेपैकी ८५ टक्केच खर्च म्हणून धरले जातील. म्हणजे ८५ रुपयांची अनुदानं दिली की सव्वाबाहत्तरच मोजले जातात. महोत्सवाच्या हॉलवर आणि रोषणाईवर थेट केलेला खर्च मात्र पूर्ण धरला जातो. हिशेबनिसाला महोत्सव सोपा वाटतो तो यामुळे. पण सगळं उत्पन्न अनुदानात दिलं तरी शंभरामागे ८५ धरले जातात आणि अट पुरी होते. त्यात न्यासाचे स्वतःचे पगार आणि न्यासाने स्वतः चालवलेली कामं पूर्ण मोजली जातातच. काही प्रकल्प न्यासाच्याच नावाने चालवा: रेकॉर्डर न्यासाचा, उसना द्या, उतरवणाऱ्याचं बिल न्यासाच्या नावाने घ्या, मानधनावर नियमाप्रमाणे करकपात करा. हा मार्ग आपल्या सनदी लेखापालाला आमच्यापेक्षा चांगला माहीत असेल. परदेशी देणगीचा पैसा २०२० च्या दुरुस्तीनंतर पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, हेही खरं. पण तो पैसा वेगळ्या खात्यातच ठेवावा लागतो; देशातल्या देणगीला ती बंदी नाही. कंपन्यांना सीएसआरखाली, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चातून, मंचामागे आपलं नाव हवं असतं, हे समजतं. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात वारसा, कला आणि संस्कृतीबरोबर सार्वजनिक वाचनालयंही लिहिलेली आहेत. ते वाचून दाखवणारं कुणीतरी आपल्या बाजूने टेबलावर बसायला हवं. तेही प्रमुखाचंच काम.

अर्जाचा फॉर्म इंग्रजीत आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. मुंबईतल्या, मराठी साहित्य हा उद्देश असलेल्या न्यासाचा अर्ज मराठीत भरता येऊ नये, याला आमच्याकडे शब्द नाहीत. तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागता तेव्हा १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेलं ‘क’ किंवा ‘ड’ वर्गाचं वाचनालय ते देऊ शकतं, कारण परिरक्षण अनुदानासाठी त्याला हिशेब ठेवावेच लागतात. कोळीवाड्यातल्या भजनी मंडळाला ते जमत नाही. मंडळाने एखाद्या नोंदणीकृत वाचनालयाला पालक संस्था म्हणून सोबत घ्यावं आणि त्या वाचनालयाला हिशेबाच्या कामाचे पाच ते सात टक्के मिळावेत, अशी सोय नियमांत एका परिच्छेदाने होते.

आता सार्वजनिक उपक्रम. महोत्सवाच्या पत्रिकेत ‘मोडी लिपीची ओळख, दोन तास’ असं एक सत्र आहे. दोन तासांत काय होतं ते सांगतो. मुळाक्षरांचा तक्ता मिळतो, बोरूने स्वतःचं नाव काढता येतं, फोटो होतो. घरी पत्र्याच्या ट्रंकेतलं खरेदीखत उघडलं की एक ओळ लागत नाही. मोडीत आधी पूर्ण ओळभर शिरोरेषा मारलेली असते, मग अक्षरं तिला लटकवत हात न उचलता लिहिलेली. शब्दांत जागा नसते, ऱ्हस्वदीर्घ वेगळं नसतं, ‘मौजे’, ‘बिन’, ‘किता’ अशा नेहमीच्या शब्दांची रूपं आणि संक्षेप लिहिणाऱ्यागणिक बदलतात. हे वाचायला शिकायचं तर बारा आठवडे, दर आठवड्याला दीड तास, आणि एकाच प्रकारची कागदपत्रं लागतात: पहिल्यांदा नुसती खरेदीखतं, कारण त्यांचा मायना ठरलेला असतो आणि विद्यार्थ्याला पुढचा शब्द ओळखता येतो. मग पत्रं, मग जमाखर्च. पंधरा जणांचा वर्ग, एक शिक्षक, छापील प्रती, वाचनालयाची खोली. शिक्षकाला दर वेळचे दोन हजार दिले तरी बारा वेळांचे चोवीस हजार. प्रती आणि खोलीचे मिळून सगळं चाळीस हजारांत बसतं. बाराव्या आठवड्यानंतर त्यातले पाच जण फोर्टमधल्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात जाऊन स्वतः एखादा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा, सोडू लागले, तर न्यासाने पाच वाचक तयार केले. महोत्सवाच्या मांडवाच्या एका कमानीला याहून जास्त लागतात.

स्थळ आणि वेळ. संध्याकाळी सहाला फोर्टमध्ये व्याख्यान ठेवलं की अंबरनाथ, विरार, पनवेलचा श्रोता येत नाही. आला तर प्रश्नोत्तरांआधी उठतो. रविवारी दुपारी ठेवलं तर मेगाब्लॉक. साधारण अकरा ते चार या वेळेत मध्य किंवा हार्बरवर काय चालू असेल ते शनिवारी कळतं, आणि पत्रिका महिनाभर आधी छापलेली असते. रविवारी साडेपाच ते साडेसात ही वेळ जमते. जागा डोंबिवली, चेंबूर, भांडुप, बोरिवली, परळ अशी फिरती ठेवा. वाचनालयाच्या खोलीत साठ खुर्च्या पुरतात, एक स्पीकर, दोन कॉर्डलेस माइक, त्यातला एक कायम श्रोत्यांत. नव्वद मिनिटांतली चाळीस लोकांच्या बोलण्याला. जिना चढावा लागणारी जागा घेऊ नका, विषय वृद्धांच्या आठवणींचा असताना तर मुळीच नको. वक्त्याला मानधन देता तसं यजमान वाचनालयालाही द्या. सतरंजी, पाणी, दार उघडणं हे कुणीतरी करतं. आणि ध्वनिमुद्रण महिन्याभरात खुलं करा. गेल्या काही वर्षांची व्याख्यानं न्यासाच्या कपाटात आहेत, ती ऐकायला मिळत नाहीत.

इव्हेंट कंपनीबद्दल आमचं काही म्हणणं नाही. ती मांडव घालते, वेळेवर घालते. पण ती हजेरी मोजते, कारण तिला तेवढंच मोजायला सांगितलेलं असतं. तीनशे डोकी आणि पंधरा डोकी यांच्यात तिला तीनशे नेहमी जास्त दिसणार.

निवडीबद्दल थोडक्यात. परीक्षक कोण होते हे निकालानंतर जाहीर होत नाही. ज्या संस्थेशी परीक्षकाचा संबंध आहे तिचा अर्ज आला तर तो बैठकीतून उठतो की नाही, हे लेखी नाही. नाकारलेल्याला एका ओळीचा ईमेल येतो. तीन ओळी पुरेशा असतात: काय आवडलं, काय कमी पडलं, पुन्हा करावा की नाही. आमच्यातले जे परीक्षक होते त्यांनी या ओळी लिहून दिल्या होत्या. त्या अर्जदारांपर्यंत पोचल्या नाहीत.

आमच्या मागण्या या आहेत. दोन लाखांखालची अनुदानं चालू ठेवावीत आणि अनुदानाच्या एकूण रकमेतला निदान अर्धा भाग त्यांच्यासाठी राखावा. प्रमुखाचं पद पूर्णवेळ भरावं. त्या व्यक्तीला मराठी लिहितावाचता यावं, तिने स्वतः कधीतरी एखादा संग्रह, मुलाखतमाला किंवा वाचनालय चालवलेलं असावं, आणि पन्नास हजारांपर्यंतची तातडीची रक्कम मंडळाच्या पुढच्या बैठकीची वाट न पाहता मंजूर करण्याचा अधिकार तिला असावा. चाळ रिकामी होण्याची तारीख विश्वस्तांच्या बैठकीला थांबत नाही. अर्ज, संमतीपत्राचा नमुना आणि नियम मराठीत यावेत. वेळापत्रक जून ते ऑक्टोबर असं बदलावं, शेवटचा हप्ता दहा टक्क्यांवर आणावा. परीक्षकांची नावं, हितसंबंधाचा नियम आणि दिलेल्या अनुदानांची यादी रकमेसह दर वर्षी प्रसिद्ध करावी. महोत्सव करायचा असेल तर करावा, एका दिवसाचा, आणि उरलेल्या दोन दिवसांचा पैसा वर्षभराच्या वर्गांना आणि उपनगरांतल्या व्याख्यानांना द्यावा.

यातलं काही जमण्यासारखं नसेल तर ते का नाही, हे मंडळाने लेखी कळवावं. आमच्याकडे मराठी अर्जाचा आणि दोन सह्यांच्या संमतीपत्राचा मसुदा तयार आहे, नमुन्याचं अंदाजपत्रकही आहे. पुढच्या बैठकीच्या आधी बोलावलं तर आमच्यातले चार जण ते घेऊन येतील. नव्या प्रमुखाची नेमणूक होईपर्यंत या वर्षीचे अर्ज विनामूल्य वाचून देण्याचीही आमची तयारी आहे. बैठक रविवारी असेल तर कृपया सकाळी दहाच्या आधी ठेवावी, कल्याण आणि पनवेलकडून येणारे दोघे आहेत.

कळावे,

आपले,
मुंबईतील काही ग्रंथपाल, संशोधक, मोडी शिक्षक आणि प्राध्यापक